तीन पावलं मागे

आमची पहिली भेट म्हणजे भांडणच होतं, आणि चूक माझी होती. हे आज कबूल करते. त्या दिवशी कुणी विचारलं असतं ना, तर जीव गेला तरी मान्य केलं नसतं!

झालं असं, की आमच्या शनिवारच्या वर्गातल्या एका मुलीच्या चष्म्यावर मी बसले. खुर्चीवर काय ठेवलंय ते न बघता धपकन बसायची माझी जुनी खोड. काडी मोडली, काच निखळली. मुलगी अकरा वर्षांची. आमच्या वर्गात पहिल्या दिवशी प्रत्येकीनं स्वतःला आवडेल ते नाव घ्यायचं असतं. कुणी वाघीण झाली, कुणी रॉकेट. हिनं बोलायच्या ऐवजी वहीत लिहून दाखवलं – ‘मुंगी’. माझं नाव मात्र सगळ्या पोरींनी मिळून एकमतानं ठेवलं, तोफ. आईला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "हुशार आहेत हो पोरी."

तर बुधवारी दुपारी मुंगीला घेऊन मी चष्म्याच्या दुकानात गेले. काउंटरमागे एक उंच, हडकुळा तरुण बसला होता. त्याचा स्वतःचा चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर आलेला. त्यानं नवी काडी बसवली, चष्मा मुंगीच्या डोळ्यांवर चढवला आणि विचारलं, "कुठे टोचतंय?"

मुंगी गप्प.

"कानामागे टोचतंय तिला," मी म्हणाले. "जरा वाकवून द्या."

"तुम्हाला टोचतंय?"

"मला कसं टोचेल?"

"मग तिला सांगू दे की." त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "मला काही घाई नाही."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला! कारण तो नियम माझा होता. आम्ही सात जण मिळून दर शनिवारी दुपारी ग्रंथालयाच्या वरच्या हॉलमध्ये दहा ते तेरा वर्षांच्या मुलींचा वर्ग घेतो. चारचौघांत बोलणं, प्रश्न विचारणं, नको असेल तिथे नको म्हणणं, एवढंच शिकवतो, पण पोरींना ते गणितापेक्षा अवघड जातं. आणि आमच्या वहीच्या पहिल्या पानावर मी, स्वतः मी, लिहिलंय : मुलगी अडखळली तर तिचं वाक्य आपण पुरं करायचं नाही. थांबायचं. हसायचं नाही, मानही डोलवायची नाही, कारण समोरची मान डोलायला लागली की मुली घाबरून काहीतरी बोलून मोकळ्या होतात. चेहरा शांत ठेवायचा आणि थांबायचं. आता एक चष्मेवाला मला ते शिकवत होता.

तो थांबला. फडक्यानं कुठलीशी काच पुसत बसला. एक मिनिट गेलं, दोन गेली...

"नाकावर," मुंगी म्हणाली.

"कानामागे नाही तर," तो माझ्याकडे बघत म्हणाला. आत्ता बघितलं त्यानं. डोळ्यांत हसू होतं, ओठांवर नव्हतं. मी पार तोंडघशी पडले होते आणि तरीही, का कोण जाणे, तिथून हलावंसं वाटेना.

चष्मा नीट होईपर्यंत मी त्याला वर्गाबद्दल सगळं सांगितलं. जरा ठसक्यातच सांगितलं, म्हणजे मी कोण आहे ते कळावं. त्यानं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "किती मुली?"

"बावीस."

"किती जणींचे डोळे तपासलेत?"

झाली की नाही पंचाईत!

पुढच्या शनिवारी तो अक्षरांचा तक्ता गुंडाळून घेऊन आला. बावीस जणींपैकी सहा जणींना चौथी ओळ वाचता येईना. ज्यांना आम्ही इतके महिने बुजऱ्या, लाजऱ्या म्हणत होतो, त्यातल्या चौघींना बिचाऱ्यांना फळाच दिसत नव्हता. मला इतकी लाज वाटली की मी त्या दिवशी कुणावर ओरडलेच नाही. माझी मैत्रीण नर्सिंगला आहे, तिला आम्ही सिस्टरच म्हणतो. ती कानात पुटपुटली, "ह्याला सोडू नकोस हं." मी म्हटलं, "वर्गासाठी ना?" ती म्हणाली, "हो हो, वर्गासाठीच."

आणि तो राहिला. त्याला काम दिलं ते असं, की तसं काम दुसऱ्या कुणीही घेतलं नसतं. नकार ऐकायचं.

आमचा एक खेळ असतो. एक मोठा माणूस समोर उभा राहतो आणि एकेका मुलीला काहीतरी विचारतो. ‘चल, घरी सोडतो.’ ‘बॅग दे, मी धरतो.’ मुलीनं त्याच्या डोळ्यांत बघून खणखणीत ‘नाही!’ म्हणायचं. म्हटलं की त्यानं तीन पावलं मागे जायचं. का, कशाला, काही विचारायचं नाही. आणि मुलगी काहीच बोलली नाही तरीसुद्धा मागेच जायचं. वहीच्या तिसऱ्या पानावर, माझ्याच अक्षरात : गप्प राहणं म्हणजे हो नव्हे. समोरचं माणूस गप्प राहिलं तर मागे व्हा, आणि तोच प्रश्न घेऊन पुन्हा जाऊ नका.

एवढा उंच माणूस आपल्या एका शब्दानं मागे जातो याची त्या पोरींना अशी काही गंमत वाटायची! पावसाचे दिवस, वर पत्र्यावर धडाधड आवाज, आणि त्याच्याही वर पोरींचं ‘नाही!’ त्यांनी त्याचं नावच ठेवलं, मागे-जा दादा.

वर्ग सुटला की आम्ही दोघं खुर्च्या रचायचो.

"आज किती झाले?" मी विचारायची.

"एकवीस. मुंगी गप्प होती."

"मनाला लागत असेल ना? घरी जाऊन आरशासमोर रडत असाल."

"आरसे सगळे दुकानात आहेत. गिऱ्हाईकं बघतात, म्हणून रडत नाही."

"अरेरे!"

"तुम्हाला टोमणे मारल्याशिवाय बोलता येत नाही का हो?"

"येतं की. पण तुमच्याशी कशाला?"

मग आम्ही बसथांब्यापर्यंत चालत जायचो. त्याची बस माझ्या आधी यायची, आणि तो ती सोडायचा. पहिल्या वेळी म्हणाला, गर्दी आहे. दुसऱ्या वेळी म्हणाला, चुकून सुटली. तिसऱ्या वेळी बस अख्खी रिकामी होती... आणि त्यानं काही कारणच दिलं नाही. मीही विचारलं नाही. मी रस्त्याकडे बघत उभी राहिले, पण कान इतके तापले होते की केस पुढे ओढून घ्यावे लागले.

मी छापखान्यात प्रूफं तपासते. दिवसभर बारीक अक्षरं. तो म्हणायचा, "तुम्ही लांबचं बघताना डोळे बारीक करता. या एकदा दुकानात." गेले मी एका गुरुवारी. त्यानं ती तपासणीची जड, गोल फ्रेम माझ्या नाकावर ठेवली, आणि एकेक काच बदलत विचारू लागला, "हे बरं दिसतं, की हे?" त्याची बोटं कानशिलाला लागत नव्हती, पण लागतील असं सारखं वाटत होतं. चेहरा वीतभर अंतरावर.

"पाचवी ओळ वाचा."

मी वाचली.

"ती चौथी होती," तो हळूच म्हणाला. "आणि चुकीची वाचलीत."

"तुम्ही मध्ये उभे आहात ना!"

"मी बाजूला उभा आहे."

खरंच बाजूला होता. मला मेलीला तक्ता दिसतच नव्हता, त्याला मी तरी काय करू? त्या दिवशी घरी येताना मला पक्कं कळलं, आपलं काही खरं नाही.

असे तीन महिने गेले. आणि मग तो शनिवार आला.

खुर्च्या रचून झाल्या होत्या. बाकीचे खाली गेले होते. जिन्याच्या वरच्या चौकात मी हजेरीची वही छातीशी धरून उभी, आणि तो समोर. खिडकीतून पावसाचे बारीक तुषार येत होते आणि त्याच्या चष्म्यावर बसत होते. तो पुसत नव्हता.

"मला तुम्हाला एक सांगायचंय."

"सांगा."

"गेले तीन महिने मी... म्हणजे शनिवार आला की... तुम्ही मला..."

आणि अडकला.

अगं बाई! मला काय कळलं नव्हतं का? पुढचा शब्द माझ्या जिभेवर होता. पण मी तो दिला असता तर तो माझा शब्द झाला असता, आणि मला त्याचा हवा होता. त्याच्याच तोंडून, त्याला लागेल तेवढा वेळ घेऊन. म्हणून मी थांबले. हसले नाही. मान डोलवली नाही. चेहरा शांत ठेवला. त्याच्या डोळ्यांत बघत मी जितकी मनापासून थांबले, तितकी आयुष्यात कुणासाठी थांबले नव्हते.

त्यानं माझ्याकडे बघितलं, बघत राहिला... मग हळूच मागे सरकला.

"बरं," तो म्हणाला. "माफ करा हं मला."

आणि जिना उतरून गेला. बसथांब्यावर मी पोचले तेव्हा नव्हता. पहिल्याच बसनं गेला असणार.

भित्रा! अर्धं वाक्य टाकून पळाला! मी वही भिंतीवर आपटायची तेवढी बाकी ठेवली.

पुढच्या शनिवारी आला. वेळेवर आला, पोरींशी हसला, नकार ऐकले, तीन-तीन पावलं मागे गेला. मी नेहमीसारखी समोर वही घेऊन बसले होते. खेळ संपल्यावर मला म्हणाला, "मॅडम, खुर्च्या मी रचतो, तुम्ही निघा." मॅडम! तोफेला मॅडम! वाटलं, मन बदललं याचं. त्या अर्ध्या वाक्याच्या मध्यावर त्यानं मला नीट बघितलं, आणि नको वाटले मी.

सात आठवडे. सात आठवडे मी त्याला बघत होते आणि तो माझ्याशी कामापुरतं बोलत होता. त्याच्या शर्टाची कॉलर उसवलेली असायची, ती शिवून द्यावीशी वाटायची. तो पोरींच्या कुठल्या विनोदाला हसतो हे मला पाठ झालं. बसथांब्यावर मी माझीच बस सोडायला लागले, कुणासाठी ते विचारू नका. छापखान्यात एका आमंत्रणपत्रिकेत वराचं नाव दोनदा गेलं आणि वधूचं एकदाही नाही, आणि ते प्रूफ मी तपासलं होतं. मालक म्हणाले, "बरं आहे ना तुमचं?" बरं नव्हतंच मुळी.

"तोफ का थंड पडलीय?" आईनं एकदा जेवताना विचारलं.

"कुठे काय."

"तो चष्मेवाला येतो की नाही हल्ली?"

"कोण चष्मेवाला?"

"ज्याच्याविषयी तू तीन महिने दर घासाला बोलत होतीस, तो."

"येतो."

"मग?"

"मग काय! त्याचं वाक्य आहे, तो बोलेल नाहीतर नाही बोलणार, मी कशाला जाऊ विचारायला..." आणि मला रडूच कोसळलं. आईला बिचारीला काही बोध झाला नाही. कसलं वाक्य, कुणाचं वाक्य! तिनं नुसता माझ्या पाठीवरून हात फिरवला.

आठव्या आठवड्यात सिस्टरनं बातमी आणली. त्याला डोळे तपासणीच्या मोठ्या अभ्यासक्रमाला जागा मिळाली होती. दुसऱ्या शहरात, दोन वर्षं. पुढच्या आठवड्यात शुक्रवारी निघणार. म्हणजे येता शनिवार त्याचा शेवटचा.

त्या शनिवारी मी घरून ठरवून निघाले होते, रडायचं नाही. खेळ झाला. मग सिस्टरनं मुलींना विचारलं, "दादाला काही विचारायचंय? आता तो नसणार आहे." कोपऱ्यातून एक हात वर गेला. मुंगीचा.

मुंगी उभी राहिली. ओठ हलले, आवाज आला नाही. आम्ही सगळे थांबलो. तोही थांबला, चेहरा शांत ठेवून.

"मी गप्प राहायचे," ती म्हणाली, "तरी तू मागे जायचास. पुन्हा का नाही विचारलंस? पुन्हा विचारलं असतंस तर कदाचित मी... बोलले असते."

पूर्ण तीन वाक्यं! सिस्टरनं माझा हात घट्ट धरला. पण मी त्याच्याकडे बघत होते, कारण त्याचा चेहरा उतरला होता.

"विचारावंसं वाटतं," तो म्हणाला. "फार वाटतं. पण समोरचं माणूस गप्प राहिलं, की त्याला नाही म्हणायला जड जात असेल असं समजायचं. आपण मागे व्हायचं. पुन्हा पुन्हा विचारून छळायचं नाही. त्याला बोलायचं असेल तर ते बोलेल."

"आणि तुला वाईट वाटलं तर?"

"वाटतं की. ते आपलं आपण बघायचं."

एवढं बोलताना त्यानं एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. आणि माझ्या डोक्यात लख्ख झालं. जिन्याचा चौक, मी दगडासारखी उभी, आणि तो मागे सरकलेला. किती पावलं? मोजली नव्हती मी. मोजायची गरजच नव्हती. तिसरं पान, माझं अक्षर! ज्या नियमानं मी थांबले होते तो माझा, आणि ज्या नियमानं तो निघून गेला तोही माझाच.

वर्ग सुटल्यावर पोरींनी त्याला असा गराडा घातला की माझा नंबरच लागेना, आणि दुकान उघडायची वेळ झाली म्हणून तो तसाच गेला. रविवारी दुकान बंद. रविवार मी कसा काढला ते मला विचारू नका. सोमवारी शटर वर गेल्या गेल्या मी दारात हजर.

आत एक आजोबा ती जड गोल फ्रेम लावून बसले होते. तो काच बदलत होता.

"मॅडम? बसा ना, पाचच मिनिटं—"

"नाही बसणार. त्या दिवशी जिन्यात तुम्ही मला काय सांगणार होतात?"

त्याच्या हातातली काच तशीच राहिली. "जाऊ दे ना ते. झालं ते झालं."

"काहीही झालं नाही! तुमचं वाक्य पुरं झालं नव्हतं. मी थांबले होते."

"थांबला होतात?"

"मग काय झोपले होते? मुलींसाठी थांबतो तशी थांबले होते!"

"पण तुमचा चेहरा..."

"तसाच ठेवायचा असतो! हसायचं नाही, मान हलवायची नाही!"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "मला वाटलं, तुम्हाला नाही म्हणायला जड जातंय. मी म्हटलं, हिला अजून कशाला त्रास. तिसऱ्या पानावर—"

"माहितीये मला तिसरं पान, मीच लिहिलंय ते मेलं!" माझा आवाज फुटला. "सात आठवडे मॅडम म्हणालात मला. सात आठवडे! मला वाटलं, मी नको झाले तुम्हाला."

"मुला," आजोबा मध्येच म्हणाले, "मला ऐकायला कमी येतं, तुमचं चालू द्या." आणि खुर्ची जरा पुढे सरकवून बसले.

"आता माझं ऐक," मी म्हणाले. तुम्हीवरून तूवर कधी आले मला कळलंच नाही. "तू मला आवडतोस. फार आवडतोस. मी तुला जाऊ नकोस म्हणणार नाही, जायलाच हवंस तू. पण तू जाऊ नयेस असं मला इतकं वाटतंय, की काल दिवसभर मी जेवले नाही. झालं. माझं संपलं. आता तू."

त्यानं चष्मा काढला. चष्म्याशिवाय मी त्याला पहिल्यांदा बघत होते. किती लहान दिसत होता!

"तू मला..." तो म्हणाला आणि पुन्हा अडकला. मी थांबले. पण या वेळी रडतही होते आणि हसतही होते, नियम गेला खड्ड्यात. "तू मला पहिल्या बुधवारपासून आवडतेस. इतकं चुकीचं उत्तर इतक्या ठणकावून कुणी दिलेलं मी बघितलं नव्हतं."

"पोरा," आजोबा म्हणाले, "हे डोळ्यांवरचं काढ बघू आधी. मला तुमचे चेहरे धड दिसत नाहीयेत."

सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार. चारच दिवस मिळाले. मी छापखान्यातून रोज दुपारी सुटायची आणि दुकानात जाऊन बसायची. कॉलर शिवून दिली. शुक्रवारी गाडी सुटताना मी एक शब्द बोलू शकले नाही. तोफ म्हणे!

दुसऱ्या दिवशी शनिवार. पोरी जमल्या. खेळाची वेळ झाली आणि समोर उभं राहायला कुणी नव्हतं. सगळे माझ्याकडे बघू लागले.

"उभी राहते मी," मी म्हणाले.

वाघीण पहिली आली. "चल, तुला घरी सोडते," मी म्हणाले. तिनं डोळे रोखले. "नाही!" मी तीन पावलं मागे गेले. मग रॉकेट. "नाही!" पुन्हा मागे. खेळ होता. पोरी माझ्या लाडक्या होत्या. तरी पाचव्या-सहाव्या नकाराला छातीत काहीतरी दुखायला लागलं, आणि अजून सोळा जणी रांगेत होत्या. मी मान वर केली. समोर, दहा पावलांवर, माझी नेहमीची खुर्ची होती, जिच्यावर बसून मी वहीत त्याचे नकार मोजायचे. तो इथे उभा राहिला होता. ती जिन्यातली गोष्ट घडल्यानंतरही, दर शनिवारी, माझ्यासमोर.

संध्याकाळी फोन केला.

"कसा रे उभा राहिलास तू सात-आठ शनिवार?"

पलीकडे शांतता.

"बोल ना! गप्प नको बसूस, मला आता भीती वाटते गप्प बसलं की."

"अगं, बसमधून उतरतोय, दोन्ही हातांत सामान आहे." मग थोडा थांबून तो म्हणाला, "उभं राहायलाच तर यायचो. समोर तू असायचीस ना."

"आता नाहीये."

"नाहीयेस."

मग आम्ही दोघंही गप्प झालो. त्याच्याकडच्या अनोळखी रस्त्याचा आवाज मला ऐकू येत राहिला, आणि फोन कुणीच ठेवला नाही.